अनेक गळे, अनेक सूर : 'अ नाइट ॲट द ऑपेरा' या रॉक संग्रहाचे मराठी श्रोत्याला वाटणारे आकर्षण

प्रस्तावना

रॉक संगीत म्हणजे गोंगाट, ही समजूत आपल्या प्राध्यापकवर्गात बरीच रुजलेली आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. विजेवर चालणारी गिटार, ड्रमचा अखंड मारा आणि किंचाळण्याच्या सीमेवरचा आवाज या गोष्टी रॉकमध्ये आहेतच. तथापि याच संगीतप्रकारात सुरावटीला, म्हणजे गुणगुणता येईल अशा चालीला, अग्रस्थान देणारी एक धारा पूर्वीपासून वाहत आलेली आहे. तिला 'मेलॉडिक रॉक' असे म्हटले जाते. या धारेचा विचार करताना क्वीन या ब्रिटिश बँडचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा १९७५ चा संग्रह टाळून पुढे जाता येत नाही. काटेकोर वर्गीकरण करणारे समीक्षक क्वीनला निरनिराळ्या शाखांत घालतात. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. 'बँड' हा शब्द आपल्याकडे उच्चारला की वरातीपुढचा झगमगीत डगल्यांतला ताफा डोळ्यांसमोर येतो. येथे अर्थातच चार जणांचा गाणारा-वाजवणारा संच अभिप्रेत आहे.

प्रस्तुत लेखातील प्रश्न मर्यादित आहे. भजन, कोळीगीत, नाट्यपद आणि चित्रपटगीत यांवर ज्याचा कान घडला आहे आणि इंग्रजी ज्याला बेताचेच कळते, अशा श्रोत्याला हा संग्रह आकर्षित करतो तो कशामुळे? रायगडच्या किनारपट्टीवरील महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या अध्यापकाने हा प्रश्न का हाती घ्यावा, ही शंका रास्त आहे. त्याचे कारण व्यावहारिक आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या आराखड्यात सादरीकरणाच्या कलांना सहअभ्यासक्रमात श्रेयांकांसह स्थान मिळाले आहे. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात पाश्चात्त्य एकल गायन व पाश्चात्त्य समूहगायन हे विभाग अनेक वर्षे आहेत. आमच्या भागातील महाविद्यालये लोकनृत्य, एकांकिका, भारतीय समूहगीत यांत हिरिरीने उतरतात. पाश्चात्त्य गायनाचा रकाना मात्र, माझ्या पाहण्यात तरी, बहुधा रिकामाच राहतो. 'आपल्या मुलांना ते जमणार नाही' हे वाक्य त्यामागे असते, आणि ते मुलांना विचारून उच्चारलेले नसते. त्या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. इंग्रजी येत नाही म्हणून हे संगीत कळणार नाही, ही एक; आणि आपला कान या संगीतासाठी घडलेलाच नाही, ही दुसरी. पहिली गोष्ट चुकीची आहे असे माझे मत आहे. दुसरी निम्मी खरी आहे, आणि नेमकी किती व कोठे खरी आहे, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

पाचगणीतील शाळकरी संच

क्वीनचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फारूख बलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे झाला. घराणे पारशी, आणि आडनाव गुजरातमधील बलसाड, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून आलेले. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठले की पाचगणी फार दूर राहत नाही. आपल्या जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांच्या कित्येक सहली त्या गावातून जातात. या शाळेत तो पियानो शिकला, शालेय गायकवृंदात गायला आणि १९५८ मध्ये चार सोबत्यांसह त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा संच उभा केला. त्या काळची लोकप्रिय रॉक अँड रोल गाणी हा संच शाळेच्या कार्यक्रमांत वाजवीत असे. विशेष म्हणजे त्यात फारूख हा मुख्य गायक नव्हता. तो पियानोवर होता. 'फ्रेडी' हे नावही त्याला याच शाळेत मिळाले.

एवढ्या आधारावर त्याला 'आपला' ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. मला ती ओढाताण वाटते. भारतातील बालपणाविषयी तो स्वतः जाहीरपणे फारसे बोलला नाही, आणि त्याच्या चालींत आपले राग शोधू जाणे हा निष्फळ उद्योग आहे. पाचगणीचे महत्त्व निराळ्या ठिकाणी आहे. इंग्रजी पद्धतीच्या शाळांतील गायकवृंदात मुले एकच चाल एकाच सुरात म्हणत नाहीत. उंच आवाजाची मुले एक सूर धरतात, मध्यम आवाजाची दुसरा, खालच्या आवाजाची तिसरा. आणि आपल्या शेजारी दुसरा सूर चालू असताना स्वतःचा सूर न सोडणे ही त्यांना लहानपणीच मिळणारी तालीम असते. त्याच वर्षांत घाटाखालच्या आमच्या शाळांतील मुलेही रोज प्रार्थना म्हणत होती, परंतु ती सर्वांनी मिळून एका सुरात. पुढे विचारात घ्यावयाच्या संग्रहाचे सारे रहस्य या फरकापाशी आहे.

१९६४ च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. फ्रेडीने तेथे चित्रकलेचे व आरेखनाचे शिक्षण घेतले. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह क्वीनची स्थापना झाली. बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन १९७१ मध्ये आला. १९७३ आणि १९७४ या दोन वर्षांत तीन संग्रह निघाले. नाव झाले, पैसा मात्र हाती आला नाही, आणि जुन्या व्यवस्थापकांशी बिनसले. चौथा संग्रह फसता तर बँड टिकला असता की नाही, याची शंका होती. अशा स्थितीत काटकसर करण्याऐवजी या चौघांनी त्या काळातील सर्वांत खर्चीक मानल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी एक केले. २१ नोव्हेंबर १९७५ रोजी 'अ नाइट ॲट द ऑपेरा' प्रसिद्ध झाला. नाव घेतले होते मार्क्स बंधूंच्या १९३५ च्या विनोदी चित्रपटावरून. तेव्हा ऑपेरा हा शब्द पाहून गंभीर होण्याचे कारण नाही.

संग्रहाचे अंतरंग

या तबकडीवर बारा रचना असून त्या सुमारे ४३ मिनिटांत संपतात. चौघांपैकी प्रत्येकाचे किमान एक गाणे आहे. पहिली रचना जुन्या व्यवस्थापकाला उद्देशून लिहिलेली जळजळीत शिवी आहे, आणि तिच्यानंतर लगेच एक मिनिटभराचे, जुन्या ग्रामोफोनवर ऐकावे तसे खेळकर गाणे येते. तो जुनाट आवाज मिळवण्यासाठी फ्रेडीचे गाणे पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या हेडफोनमधून वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केले होते. असल्या खटपटी या संग्रहात पावलोपावली आहेत. 'सीसाइड राँदेव्हू' या समुद्रकिनाऱ्यावरच्या भेटीच्या गाण्यात मध्येच फुंकवाद्यांचा एक ताफा वाजू लागतो. तो ताफा नाही, फ्रेडी आणि टेलर तोंडाने ते आवाज काढीत आहेत. बुटांच्या टापांचा नाच ऐकू येतो तो बोटांत शिवणकामाची अंगुस्ताने घालून वाजवलेला आहे. 'गुड कंपनी' या गाण्यात जुन्या अमेरिकन जॅझ पद्धतीचा संपूर्ण वाद्यवृंद ऐकू येतो. तो सर्व एकट्या ब्रायन मेने एका गिटारवर, एकेका वाद्याची नक्कल करून, थरावर थर चढवून उभा केला आहे. ती गिटारदेखील विकतची नव्हे. १९६३ पासून सुमारे दोन वर्षे खपून त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरी बनवली. तिच्या मानेसाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले होते.

याच ब्रायन मेचे 'थर्टीनाइन' हे गाणे विज्ञान शाखेच्या सहकाऱ्यांना रुचावे असे आहे. साध्या लोकगीताच्या चालीत ते एका प्रवासाची कथा सांगते. काही जण दूर निघतात आणि परत येतात. त्यांच्या लेखी वर्षच सरलेले असते, पण घरी शंभर वर्षे उलटून गेलेली असतात. वरवर ते दर्यावर्दी लोकांचे गाणे वाटते. प्रत्यक्षात ते सापेक्षतावादातील कालविस्तारावर आहे. मे हा खगोलभौतिकीचा विद्यार्थी होता. अर्धवट राहिलेली पीएच.डी. त्याने २००७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून पूर्ण केली. (मार्गदर्शकांच्या मागे धावून दमलेल्या सहकाऱ्यांनी या उदाहरणावरून धीर धरण्यास हरकत नाही.)

क्वीनच्या आरंभीच्या संग्रहांच्या वेष्टनांवर सिंथेसायझर वापरलेला नाही अशी नोंद आवर्जून छापलेली असे. त्या नोंदीत अभिमान आहे, पण ती ऐकण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. या संग्रहात कानावर पडणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट मानवी गळ्यातून किंवा तारेतून आलेली आहे. गोंगाट म्हणून ज्याची संभावना होते, त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात गाणारी माणसे आहेत.

सूर एकामागून एक, सूर एकावर एक

आता मूळ मुद्द्याकडे वळावयाचे. आपल्या संगीतात सूर एकामागून एक येतात. पाठीमागे तंबोऱ्याचा षड्ज-पंचम अखंड चालू असतो, आणि प्रत्येक सुराचे मूल्य त्या न हलणाऱ्या षड्जाच्या संदर्भात ठरते. गंधार लागला की तो 'सा'पासून किती दूर आहे हे कान आपोआप मोजतो. साथीला दहा जण असले तरी ते त्याच चालीने जातात. पोवाड्यातील झीलकरी, भजनातील टाळकरी, कोळीगीतातील मागचा मेळा हे सर्व मुख्य गायकाची ओळ उचलतात. त्यामुळे आवाज भरतो, रुंद होतो, पण सुरांची संख्या वाढत नाही. अनेक गळे आणि एक सूर, हे आपल्या समूहगायनाचे सूत्र होय.

पाश्चात्त्य पद्धतीत सूर एकावर एकही रचले जातात. सा, ग, प हे तीन स्वर एकाच क्षणी वाजवले की जे एकसंध नादरूप तयार होते त्याला कॉर्ड म्हणतात. चाल वरच्या सुरात चालू असते आणि तिच्याखाली या कॉर्डची जमीन दर दोन-चार मात्रांना बदलत राहते. आपल्याकडे जमीन स्थिर असते आणि चाल हिंडते. तेथे चालही हिंडते आणि जमीनही. म्हणून एकच सूर तसाच धरून ठेवला तरी खालची जमीन बदलताच त्याचा रंग पालटतो. आधी निर्धास्त वाटणारा स्वर अचानक व्याकूळ वाटू लागतो. यालाच हार्मनी, मराठीत स्वरसंवाद, म्हणतात.

ही कल्पना आपल्याला पूर्ण परकी मात्र नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरील स्वरांना परस्परांचे संवादी म्हटले आहे. हार्मोनियमला आपण 'संवादिनी' असे सुरेख नाव दिले. आणि मग त्या वाद्याचा संवाद साधण्याचा गुण बव्हंशी बाजूला ठेवून त्यावर एका वेळी एकच सूर वाजवत बसलो. यात उणेपणा काही नाही. आपल्या गायकीची ती गरजच होती. परंतु ज्या पेटीवर आमच्या गावोगावची भजनी मंडळे शतकभर पोसली गेली, ती पेटी दुसरेही काही करू शकते हे विद्यार्थ्यांना कोणी सांगितलेले नसते.

शिवाय चित्रपटसंगीताच्या मार्गाने स्वरसंवाद आपल्या घरात कधीच येऊन बसला आहे. गोव्याहून मुंबईत आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी हे काम केले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन करणारे सेबास्टियन डिसोझा, माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला. हे तेच वर्ष, ज्या वर्षी पाचगणीत हेक्टिक्स वाजू लागले होते. लताबाई किंवा रफी एकच चाल गात असत, पण पाठीमागे व्हायोलिनचा मेळा निराळ्याच सुरांतून जात असे. आपण ते ऐकले, त्याने सुखावलो, परंतु लक्ष चालीकडे ठेवले. म्हणजे आपल्या कानाला स्वरसंवाद ऐकण्याची सवय आहे. गळ्याला तो धरण्याची सवय नाही. वर 'निम्मी खरी' असे जे म्हटले त्याचा अर्थ हा आहे.

क्वीनचा संग्रह या श्रोत्याला आकर्षित करतो त्याचे कारण येथे स्पष्ट होते. पाश्चात्त्य संगीताच्या अनेक प्रकारांत सुरांच्या दाटीत चाल हरवते आणि आपण बाहेर फेकले जातो. या संग्रहात गळ्यांचे कितीही थर चढले तरी चाल सर्वांत वर, स्पष्ट आणि गाता येण्याजोगी राहते. आपला कान त्या चालीचा हात धरून आत शिरतो, आणि आत गेल्यावर आजूबाजूचे सूर त्याला दिसू लागतात.

'बोहेमियन रॅप्सडी'

या दृष्टीने संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध रचनेचे परीक्षण उद्बोधक ठरते. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे हे गाणे ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी स्वतंत्र तबकडी म्हणून प्रसिद्ध झाले. इतके लांब गाणे रेडिओ वाजवणार नाही, असे जाणकारांचे भाकीत होते. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. फ्रेडीच्या २४ नोव्हेंबर १९९१ च्या निधनानंतर पुन्हा निघाले आणि पुन्हा पहिले आले. ३१ ऑक्टोबर हीच तारीख, १८८० साली, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'च्या पहिल्या प्रयोगाची आहे. हा निव्वळ योगायोग आहे. मराठी वाचकाला तो नोंदवल्यावाचून राहवत नाही, इतकेच. पारशी मंडळींचा संगीत प्रयोग पाहून अण्णासाहेबांना संगीत नाटकाची प्रेरणा झाली असे सांगितले जाते, ही गोष्टही जाता जाता आठवते.

या गाण्याला ध्रुवपद नाही. आपल्या भावगीताची आणि चित्रपटगीताची सारी बांधणी ध्रुवपद आणि कडवे यांवर आहे. फिरून मुखड्यावर येणे हा आपल्या ऐकण्याचा विसावा असतो. येथे एक भाग संपला की तो पुन्हा येत नाही. आरंभी वाद्यांवाचून काही गळे दाट स्वरसंवादात गातात. चित्रफितीत चौघे गाताना दिसत असले तरी ते सर्व गळे एकट्या फ्रेडीचे आहेत, एकावर एक मुद्रित केलेले. मग पियानो येतो आणि एक तरुण आपल्या आईजवळ खुनाची कबुली देतो. त्यानंतर गिटारचा एक छोटा आलापसदृश भाग, मग ऑपेराचा प्रसिद्ध गदारोळ, मग धडाडणारा रॉक, आणि शेवटी सारे शांत होत पियानोवर विसावते. एखाद्या कीर्तनकाराने आख्यानात साकी, दिंडी, ओवी, कटाव असे छंद पालटत कथा पुढे न्यावी तसा हा प्रकार आहे. ध्रुवपद नसूनही गाणे सुटत नाही, कारण प्रत्येक भागाची चाल स्वतंत्रपणे गुणगुणता येते.

ऑपेराच्या भागाची निर्मिती थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांनीच तो गायला आहे. टेलरचा आवाज अतिशय उंच जाई, मेने खालची बाजू सांभाळली, मधली फ्रेडीने. दिवसाचे दहा-बारा तास गात त्यांनी आवाजांचे थर चढवले. हा एक भाग पुरा होण्यास सुमारे तीन आठवडे लागले आणि थरांची संख्या १८० पर्यंत गेली असे सांगितले जाते. त्या काळच्या ध्वनिमुद्रण यंत्राच्या फितीवर चोवीसच पट्ट्या असत. त्या भरल्या की त्यांतील आवाज एकत्र करून एका-दोन पट्ट्यांवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा गायचे. फीत इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजून ती उजेडात आरपार दिसू लागली, असे निर्माते रॉय थॉमस बेकर आणि ब्रायन मे या दोघांनीही सांगितले आहे. आजचा विद्यार्थी हे काम संगणकावर एका दुपारी करील. परंतु प्रत्येक थर गाताना आधीच्या थरांच्या विरुद्ध सूर धरून राहावे लागते, ते काम संगणक करीत नाही.

या भागातील शब्दांचा अर्थ विचारू नये हे उत्तम. गॅलिलिओ येतो, फिगारो येतो, 'बिस्मिल्ला' येते. फ्रेडीने त्याचा उलगडा शेवटपर्यंत केला नाही. शब्द येथे आवाजासाठी आहेत. तीन माणसांनी एक आख्खा जमाव, आरोपी आणि पंच यांच्यासह, उभा केला आहे, हे ऐकणाऱ्याला अर्थावाचूनही कळते.

शब्दांचा प्रश्न

येथेच इंग्रजीचा मुद्दा निकालात निघतो, असे मला वाटते. मराठी सुगम संगीतात शब्दाला मोठा मान आहे. यशवंत देव यांनी 'शब्दप्रधान गायकी' ही संज्ञा ग्रंथरूपाने रूढ केली, आणि आपण मराठीचे अध्यापक स्वाभाविकपणे तिचे पक्षपाती आहोत. परंतु त्याच महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या पदांवर जीव ओवाळला, तेव्हा प्रत्येक श्रोता पदाचा अन्वयार्थ लावीत बसला होता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. रात्र-रात्र जागणारा तो श्रोता सुरावर जगत होता.

संग्रहातील 'लव्ह ऑफ माय लाइफ' या गाण्याचे पुढे जे झाले ते या संदर्भात महत्त्वाचे आहे. मूळ ध्वनिमुद्रणात फ्रेडीचा पियानो आणि मेची हार्प आहे. रंगमंचावर मात्र ते केवळ एका बारा-तारी गिटारच्या साथीने सादर होऊ लागले. १९८१ मध्ये क्वीनने अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये प्रयोग केले. स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या त्या प्रचंड समुदायाने हे गाणे इंग्रजीतून म्हटले. फ्रेडी गाणे थांबवून ऐकत राही. १९८५ च्या जानेवारीत रिओ येथे त्याची पुनरावृत्ती झाली. त्यांतील किती जणांना इंग्रजी येत होते? चाल पाठ झाली, तिच्या मागोमाग शब्द आले. भाषा शिकवणाऱ्यांनी ही प्रक्रिया उलट दिशेनेही तपासून पाहावी.

वर्गातील अनुभव

आमच्या महाविद्यालयातील पदवीच्या विद्यार्थ्यांना मी या संग्रहातील चार रचना ऐकवल्या. मुले-मुली कोळी, आगरी, कुणबी घरांतील. बहुतेकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. गायकाचे नाव, देश, साल यांपैकी काहीही आधी सांगितले नाही. हे संशोधन नव्हे, आणि त्यावरून कोणताही सिद्धान्त मांडावयाचा नाही; केवळ निरीक्षणे नोंदवतो. 'लव्ह ऑफ माय लाइफ'ची चाल दुसऱ्यांदा ऐकताना चार-पाच जण गुणगुणू लागले होते. 'द प्रॉफेट्स साँग' हे आठ मिनिटांहून मोठे गाणे सर्वांना कंटाळवाणे वाटले, आणि त्यात त्यांचे फारसे चुकले असे मला वाटत नाही. तथापि त्यातील एका भागात फ्रेडीचा आवाज काही क्षणांच्या अंतराने स्वतःवरच येऊन पडतो, तेथे वर्ग एकदम सावध झाला. 'सीसाइड राँदेव्हू'मधील वाद्ये तोंडाने वाजवलेली आहेत यावर विश्वास बसेना. पुन्हा लावावे लागले. ऑपेराच्या भागाला प्रथम हशा पिकला. मग मागच्या बाकावरून शेरा आला, "सर, हे भारूडच की!" सोंग, सवाल-जवाब, मध्येच गंभीर होणे, सगळे त्याच्या ओळखीचे होते. मी ऐकलेल्या समीक्षणांत याहून नेमके समीक्षण थोडेच असेल.

पुढचा टप्पा अवघड होता. इंग्रजी गाणे बसवण्याआधी ओळखीच्याच एका कोळीगीताची चाल दोन सुरांत म्हणून पाहावी असे ठरले. चार मुली मूळ चाल म्हणणार, चार जणी तीच चाल दोन स्वर वरून. म्हणजे पहिल्या 'सा'वर असतील तेव्हा दुसऱ्या 'ग'वर. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत वरच्या मुली नकळत खाली घसरू लागल्या आणि तिसऱ्या ओळीला आठही जणी एका सुरात, मोठ्या समाधानाने, गात होत्या. चूक झाली असे त्यांना वाटतच नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांचे संस्कार त्यांना एका सुराकडे ओढत होते. सूर मिळणे याचा आपल्याकडचा अर्थच तो आहे.

उपाय एका विद्यार्थ्यानेच सुचवला. तो गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. पेटीवर मूळ चाल वाजवायची नाही, केवळ वरच्या मुलींचा सूर वाजवायचा, असे त्याने ठरवले. त्या आधाराने वरच्या मुलींनी एक अख्खे कडवे धरून ठेवले. खालच्या चौघींना पेटीची गरज पडली नाही, कारण चाल त्यांच्या अंगातच होती. आठवड्याभराने पेटीवरील सूर मधून मधून सोडून पाहिले, तेव्हा दोन ओळींपर्यंत सूर टिकत होता. तो पेटीवाला मुलगा हल्ली तास संपल्यावर संगीतकक्षात रेंगाळतो. डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताची तीन बोटे एकदम सा, ग, प यांवर. मग तेथून मधले बोट थोडे खाली कोमल गंधारावर सरकवतो, पुन्हा वर नेतो, आणि एवढ्याने सारे कसे काय उदास होते, असे विचारतो.